स्थळ: चांगुणाचा भारा

माणसं मेथी निवडतात तसं प्रमिलावहिनी गवत निवडायच्या. सकाळी आठच्या सुमाराला चांगुणा गोठ्यापुढे डोक्यावरचा भारा धप्पकन टाकायची. वहिनी पदर खोचून पाटावर बसायच्या आणि म्हशींच्या पुढ्यात जाण्याआधी सगळं गवत त्यांच्या हाताखालून जायचं. मधूनच एखादी काडी वेगळी निघायची आणि शेजारच्या परातीतल्या पाण्यात पडायची. म्हशी दाव्याला हिसके देत वाट बघायच्या.

मला वाटायचं, विषारी पाला काढत असतील. पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विषारी काय ते म्हशींना माझ्यापेक्षा जास्त कळतं, बाई. मी फुलं बघते."

मी धसईच्या हायस्कूलवर मराठी शिकवायला आले त्याला तेव्हा महिनाच झाला होता. साल ब्याण्णव असेल. भाताच्या गिरणीमागे गिरणीवाल्यांचं सिमेंटचं घर होतं, त्याची मागची खोली मला भाड्यानं मिळाली. वहिनी त्या घरातली एकुलती एक सून. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, सडसडीत, जाड चष्म्याच्या. त्यांचं माहेर शहापूरचं आणि माझंही शहापूरचंच, एवढ्या एका धाग्यावर आमची ओळख जमली. दर सोमवारी मी घरून परतले की त्या विचारायच्या, "तहसील कचेरीजवळचं ते बहाव्याचं झाड आहे ना अजून?" माणसांची चौकशी नंतर.

त्या वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या होत्या. कल्याणच्या कॉलेजात रोज जाऊन-येऊन शिकलेल्या. कॉलेजच्या सहलींत माळरानं तुडवलेली, दप्तरात भिंग, हातात खुरपं. पुढे शिकायचं होतं, पण वडील आजारी पडले आणि घाईनं लग्न झालं. नवरा, मधुकरभाऊ, भला माणूस. गिरणीच्या कोंड्यानं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेला, आवाज न चढवणारा. त्या घरात कोणी वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात की सासू फार छळायची का. सासू छळत नव्हती. सासू घाबरत होती.

वहिनींच्या सासूबाईंना मी आजी म्हणायचे. त्यांची धाकटी मुलगी सुमन सोळाव्या वर्षी बांधावर गवत कापायला गेली आणि तिला पान लागलं, म्हणजे साप चावला. मुरबाडला नेईपर्यंत संपली होती. वहिनी त्या घरात येण्याच्या बारा वर्षं आधीची गोष्ट. तेव्हापासून आजींनी घरातल्या बाईला गवतात पाऊल टाकू दिलं नाही. आणि सून आल्यावर ही भीती नुसती गवतापुरती राहिली नाही. सून डोळ्यांआड झाली की त्यांचा श्वास चढायचा, हातपाय गार पडायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, देवऋष्यानं अंगारा दिला, कशाचा उपयोग झाला नाही. म्हणून वहिनी बाजाराला जात नसत, शेतावर जात नसत, माहेरीही वर्षातून एकदा, तेही सासूला बरोबर घेऊन.

दिवसभर भिंतीपलीकडून हाक यायची. "परमिले, हाईस का गो?"

"हाय, आई."

पाव तासानं पुन्हा. मी वह्या तपासताना नकळत ती हाक मोजू लागले आणि मग मोजणं सोडून दिलं. वहिनी कधी वैतागून बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. फक्त "हाय, आई" म्हणताना त्यांचा हात जिथे असेल तिथे थांबायचा, आणि उत्तर देऊन झालं की पुन्हा चालू व्हायचा.

तर ज्यांना माळावर जाता येत नव्हतं, त्यांच्याकडे माळ भाऱ्यातून यायचा. चांगुणा गावाच्या कडेच्या वाडीतली. स्वतःची जमीन नाही, पावसाळ्यात गवत आणि लावणी-कापणीची मजुरी, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर, ती थेट जूनमध्ये परत. पहिल्या पावसाळ्यात तिला वाटलं, गिरणीवाली वैनी आपल्या गवतात खोड काढतेय. मग तिच्या ध्यानात आलं. त्यानंतर ती कापतानाच वेगळं दिसेल ते भाऱ्याच्या मधोमध, दबणार नाही असं ठेवायला लागली.

"वैनी, आज तुमचा तो मान घातलेला आनलाय," ती म्हणायची.

मान घातलेला म्हणजे एक हातभर उंचीचं, खरखरीत, केसाळ रोप. त्याची फिकट निळी फुलं जमिनीकडे तोंड करून लोंबतात. पडीक शेतात, माळावर, रस्त्याच्या कडेला ते असतं, आणि तरी मी विचारलं त्यांतल्या कोणालाही त्याचं नाव सांगता आलं नाही. पुस्तकात छोटा कल्पा म्हणतात, वहिनींनी सांगितलं. संस्कृतात अधःपुष्पी.

"आणि शास्त्रातलं नाव ट्रायकोडेस्मा इंडिकम. ट्रायको म्हणजे केस, डेस्मा म्हणजे बंध. इंडिकम म्हणजे आपल्याकडचं." एवढं बोलून त्यांनी कनवटीचं भिंग काढलं आणि केसातल्या आकड्यानं फूल उलटं केलं. "इथं बघा. पाच पुंकेसर आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर लोकर. त्या लोकरीनं पाचही एकमेकांना बांधलेत आणि टोकाला पीळ दिलाय. दिसला सुळका? त्यावरून नाव."

मला तो सुळका दिसला. मी मराठीची शिक्षिका, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "केसांनी बांधलेलं आणि मान खाली. वहिनी, हे तर तुमचंच..."

त्यांनी माझ्या हातातून भिंग काढून घेतलं. "बाई, फुलाचं फुलापाशी राहू द्या. ते बांधलेलं आहे ते त्याच्या सोयीसाठी. मधमाशी खालून लोंबकळते, पंख थरथरवते, तेव्हा परागकण बेतानं तिच्या अंगावर पडतात. त्याला कसलं दुःख आहे?" मग थोड्या वेळानं, गवत निवडता निवडता म्हणाल्या, "माझी दया येत असेल तर सोमवारी शहापूरहून टीपकागद आणा. नाहीतर जुने पेपर."

मी दोन्ही आणत राहिले. रोपं पेपरांत दाबून सुकवायची, तर त्यावर वजन हवं. गिरणीत गोण्यांखाली ठेवावं तर गडी उचलून नेत. अखेर वहिनींना जागा सापडली ती आजींच्या गादीखाली. दिवसातले वीस तास आजी त्या गादीवर बसलेल्या असत. "माज्या बुडाखाली काय कुरकुरतंय गो?" त्या विचारायच्या. "पेपर आहेत आई, गादीला ओल लागू नये म्हणून," वहिनी सांगायच्या. ते अगदी खोटंही नव्हतं. त्या गादीखाली मी तिथे होते तेवढ्या काळात दोनशेच्या वर रोपं सुकली असतील.

सुकलेलं रोप जाड कागदावर शिवून खाली त्या चिठ्ठी लावायच्या: नाव, कुळ, तारीख, स्थळ. स्थळाच्या रकान्यात काय लिहिणार? त्या प्रामाणिक होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकच लिहिलेलं असे: "चांगुणाचा भारा, धसई."

तिसऱ्या की चौथ्या वर्षीची गोष्ट. नवरात्र नुकतं संपलं होतं. चांगुणा दोन दिवस माहेरी जाऊन आली. तिचं माहेर वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीत. परत आली ती गवत न आणता, ओच्यात पानात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. "वैनी, तुमचा मान घातलेला, पन धवळा," ती म्हणाली.

फूल पांढरं शुभ्र होतं. निळ्याचा टिपूससुद्धा नाही. वहिनी म्हणाल्या की जुनं झालं की हे फूल फिकं पडतं, गुलाबीसर होतं, पण हे ताजं आहे. पानंही जास्त अरुंद वाटत होती. त्यांनी ते भिंगाखाली तासभर बघितलं. आजींची हाक दोनदा आली तरी त्यांना ऐकू गेली नाही. तिसऱ्या हाकेला आजी स्वतः भिंतीला धरत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्या आठवड्यात वहिनींनी मुंबईच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यांचं नाव वहिनींच्या जुन्या जर्नलमध्ये कुठेतरी होतं. सोबत एक सुकवलेलं फूल, एक पान आणि चिठ्ठीची नक्कल. पत्र मीच टाकलं. उत्तर येईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं, पण दहाव्या दिवशी आलं. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की निरीक्षण नेमकं आहे, नमुना पूर्ण पाठवा, मुळासकट, फळासकट. आणि शेवटी: "'चांगुणाचा भारा' हे ठिकाण मला नकाशात सापडलं नाही. रोप नेमकं कुठे, कोणत्या मातीत, कशा उतारावर उभं होतं ते कळवावं. त्याविना नमुन्याला अर्थ नाही."

वहिनी हसल्या. मग पत्र घडी करून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. लग्न झाल्यापासून मी एकही रोप उभं बघितलेलं नाही."

चांगुणा जाऊन मुळासकट आणू शकली असती. ती तयारही होती. पण उतार कसा, माती कोणती, शेजारी काय उगवलंय, हे ती सांगणार कसं आणि वहिनी न बघता लिहिणार कसं? "दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्थळ लिहायचं नाही," असं त्या एवढंच बोलल्या. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. दिवाळीनंतर चांगुणा भट्टीवर जाणार, आणि गवत वाळलं की रोपही जाणार.

त्यांनी मधुकरभाऊंना विचारलं. ते कोंडा झटकत म्हणाले, "जायला माझी ना नाय. पन आईला काय सांगशील?"

ते वहिनींना माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी रजा टाकते, मी बसते आजींपाशी. चांगुणा म्हणाली, "पयल्या यष्टीनं जाऊ, दुपारच्यानं परत. तीन वाजता तुमी घरात." सकाळी वहिनींनी आजींना सांगितलं की मागे बाईंच्या खोलीत पापड लाटायला बसते. त्यांना खोटं बोलता येत नसे. ते सांगताना त्या आजींकडे न बघता गादीच्या टोकाकडे बघत होत्या. मग बिस्किटाचा मोठा डबा, त्यात ओलं फडकं, आणि खुरपं पिशवीत घालून त्या मागच्या दारानं गेल्या. मी त्यांना कधी इतकं भराभर चालताना बघितलं नव्हतं.

दुपारपर्यंत ठीक चाललं. हाक आली की मी उत्तर द्यायचे, "पिठाचे हात आहेत त्यांचे, आजी. बसल्यात मागे." आजी माझ्याकडे बघत राहायच्या. जेवल्या, थोड्या आडव्या झाल्या. एकच्या सुमाराला शाळेचा शिपाई आला. सहामाहीच्या पेपरांच्या कपाटाची चावी माझ्याकडेच राहिली होती, हेडमास्तर थांबले होते, आणि चावी शिपायाच्या हाती द्यायची नाही असा आमच्याकडे नियम होता. शाळा पाच मिनिटांवर. आजी घोरत होत्या. मी गेले.

परत आले तेव्हा गादी रिकामी होती.

गिरणीच्या पलीकडे गवताची गंजी रचलेली असे. तिथे उतरायला तीन दगडी पायऱ्या. आजी त्यांच्या खाली पडलेल्या होत्या, पाय विचित्र वळलेला. रडत नव्हत्या. मी जवळ बसले तेव्हा म्हणाल्या, "परमिला गवतात गेली. मला ठावं हाय. ती गवतात गेली."

वहिनी आल्या तेव्हा चार वाजून गेले होते, एसटी चुकली होती. दारात माणसं जमलेली. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, हातातला डबा माझ्याकडे दिला, मोरीत पाय धुतले आणि आत जाऊन आजींच्या उशाशी बसल्या. त्यांना उचलून गादीवर निजवलं होतं; गावातला एकच टेम्पो भाडं घेऊन गेलेला, तो यायचा होता. आजींनी त्यांचं मनगट धरलं. वहिनींच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली होती, गुडघ्यापर्यंत. आजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी मनगट सोडलं आणि एकेक कुसळ काढायला सुरुवात केली. काढायच्या आणि जमिनीवर ठेवायच्या. टेम्पो येईपर्यंत त्या तेच करत होत्या. वहिनी हलल्या नाहीत.

मधुकरभाऊ बायकोला एवढंच म्हणाले, "सांगून गेली असतीस तर बरं झालं असतं." ते रागानं नव्हतं.

मी चावीचं वहिनींना त्याच आठवड्यात सांगितलं. कल्याणच्या दवाखान्यातून त्या कपडे न्यायला आल्या होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चावी द्यायची होती, दिलीत." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

आजींच्या खुब्याचं हाड नीट बसलं नाही. त्या पुढे चालल्याच नाहीत. आधी वहिनींना घरात तरी फिरता येत होतं, आता उठवणं, बसवणं, भांडं देणं, कूस बदलणं, सगळं त्यांच्याकडे आलं. दोन मिनिटंही दूर जाणं बंद झालं. गवत मात्र निवडत राहिल्या. भारा आता खोलीच्या दारात यायचा.

त्या गडबडीत डब्यातलं रोप मीच पेपरात दाबलं होतं. पुढे एका दुपारी वहिनींनी ते शिवलं आणि चिठ्ठी लिहायला बसल्या. मी शेजारी होते. स्थळाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: "वैशाखरे, वाडीच्या वरचा माळ. मुरमाड उतार, पूर्वेकडे तोंड. नाचणीच्या पडीक तुकड्याच्या कडेने. सोळा रोपे, पैकी पाच पांढरी." लेखणी उचलून त्या जरा थांबल्या. "उभं असताना ते केवढं दिसतं, बाई," त्या म्हणाल्या. "आणि वारा आला की सगळी फुलं एकदम हलतात. भाऱ्यात ते कसं कळणार होतं?" त्या दिवसाबद्दल त्यांनी मला सांगितलेलं एवढंच. खाली संग्राहक म्हणून दोन नावं घातली, आधी चांगुणाचं, मग स्वतःचं.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. प्राध्यापकांनी आपुलकीनं लिहिलं होतं. रोप नेहमीचंच होतं. क्वचित त्याला पांढरी फुलं येतात, पानांच्या रुंदीतही फरक पडतो, नवीन काही नाही. पण नमुना उत्तम आणि नोंद नेटकी असल्यामुळे कॉलेजच्या संग्रहात दोघींच्या नावानं ठेवून घेतला आहे.

मी पत्र वाचून दाखवलं. एका खुब्याची किंमत देऊन आणलेलं फूल सामान्य निघालं होतं. वहिनी आजींच्या पाठीला पावडर लावत होत्या. म्हणाल्या, "सामान्य आहे ते चांगलंच. दुर्मीळ असतं तर लोक खणून घेऊन गेले असते." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पण त्या रात्रीचं त्यांचं ताट तसंच परत गेलं, मधुकरभाऊंनी मला सांगितलं.

जूनमध्ये चांगुणा भट्टीवरून आली. रापून काळी पडलेली, हाताच्या बोटांना भेगा. वहिनींनी तिला सांगितलं, "तुझं नाव मुंबईला गेलंय. मोठ्या कॉलेजात कपाटात ठेवलंय."

चांगुणानं भारा उतरवला, कमरेवर हात ठेवला आणि विचार केला. "कपाटात कोंडलं व्हय?" ती म्हणाली. "मंग पावसाळ्यात तरी भायेर काढतील का नाय?"

वहिनी एवढ्या हसल्या की आतून आजींनी विचारलं, काय झालं. लग्नानंतर ही अशी हसलेली मी आजच ऐकतोय, असं मधुकरभाऊ गिरणीच्या दारातून म्हणाले.

नव्व्याण्णव साली माझी शहापूरला बदली झाली. सुरुवातीला महिन्यातून एक पत्र, मग दिवाळीला एक. आजी त्यानंतर पाच वर्षांनी गेल्या. मी भेटायला गेले ते त्याच्या पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला. गिरणी बंद झाली होती, भाऊंनी तिथेच किराणा टाकला होता. म्हशी विकलेल्या. चांगुणाची कंबर गेली होती, ती मुलीकडे राहायला गेली होती. म्हणजे आता कोणी अडवणारं नव्हतं आणि दारात गवतही येत नव्हतं.

"जाता का आता कुठे?" मी विचारलं.

"हे म्हणतात, गाडीवरून नेतो. दोनदा तयार झाले. पाय उंबऱ्याशी जाऊन उभे राहतात. कुणी धरलेलं नसतं, पण हलत नाहीत." हे सांगताना त्या चहा गाळत होत्या, एक थेंब बाहेर सांडला नाही.

निघताना त्या मला पोचवायला आल्या. आधी ओट्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. बोलता बोलता स्टँड आला. पायांत घरातल्या सपाता. मुरबाडची गाडी लागली, मी चढले, आणि मागे बघते तर त्याही चढलेल्या. "मुरबाडपर्यंत येते," त्या म्हणाल्या, "परतीची लगेच मिळते." वाटेत त्या खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मी भाऊंना स्टँडवरून फोन केला. पलीकडे त्यांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "बरं. सावकाश येऊ दे म्हनावं."

स्टँडवर आम्ही चहा घेतला. त्यांनी गाड्यांच्या पाट्या सगळ्या वाचल्या, एकेक, मनातल्या मनात. मी म्हटलं, "चला की शहापूरला, राहा दोन दिवस."

"येईन," त्या म्हणाल्या. "पण आज दूध तापवायचं राहिलंय."

त्या आल्या नाहीत. दोन वर्षांनी कावीळ झाली आणि आठवड्यात गेल्या. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. त्यामुळे मुरबाडच्या स्टँडवर बघितल्या तेवढ्याच शेवटच्या. धसईची गाडी लागली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण टोपली घेतलेली एक म्हातारी आली तशी त्या उठल्या आणि दाराशी, पायरीच्या वर, दांडी धरून उभ्या राहिल्या. माझी गाडी आधी सुटली. वळताना मी मान काढून बघितलं. त्यांच्या गाडीत आत बरीच जागा होती. कंडक्टर त्यांना आत सरकायला सांगत होता, आणि त्या सरकत नव्हत्या.